संयुक्त सेनापती नेमला, तर लोकनियुक्त सरकारची लष्करावरील पकड सैल होते का?

प्रश्न असा आहे: भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या तुकड्या एकाच संयुक्त सेनापतीच्या आधिपत्याखाली दिल्या, तर त्या एका व्यक्तीच्या हाती इतके बळ एकवटेल की उद्या लोकनियुक्त सरकारलाही तिला आवरणे कठीण जाईल. त्यापेक्षा तिन्ही दले वेगवेगळी राहिली आणि एकमेकांवर नजर ठेवून असली, तर ते लोकशाहीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित नाही का? याला जोडून दुसरा प्रश्न विचारला जातो तो असा, की सहकार्य इतके आवश्यकच असेल, तर तिन्ही दले विलीन करून एकच दल का करू नये? संयुक्त नियोजनाच्या कामात आणि संरक्षण मंत्रालयाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला असल्यामुळे या दोन्ही प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर देतो.

पहिली शंका रास्त आहे, परंतु तिच्यामागचे गृहीतक इतिहासात टिकत नाही. दले एकमेकांशी भांडत असली की सरकारकडे निवाड्याचे काम येते हे खरे. पण निवाडा करणाऱ्याच्या हाती नियंत्रण असतेच असे नाही. माझे मत याच्या पुढचे आहे. जिथे दलांमध्ये सहकार्य नसते, तिथे नागरी नियंत्रणही बहुधा नावापुरतेच उरते, कारण युद्धातील अग्रक्रम ठरवण्याचा जो अधिकार सरकारचा असतो, तो अशा वेळी कोणीच वापरत नाही.

दलांमधील फुटीमुळे लष्कर ताब्यात राहिले असते, तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा जपान हा जगातील सर्वांत सुरक्षित लोकशाही देश ठरला असता. तेथील १८८९ च्या राज्यघटनेने सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य थेट सम्राटाकडे ठेवले होते. त्यामुळे भूदल आणि नौदल यांचे स्वतंत्र जनरल स्टाफ, म्हणजे युद्धयोजना आखणारी मुख्यालये, पंतप्रधानांना बाजूला ठेवून सम्राटापर्यंत पोहोचू शकत. १९०० साली त्यात नियमाची भर पडली, की भूदलमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेत असलेले अधिकारीच असले पाहिजेत. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या नियमात सरकार पाडण्याची किल्ली होती. १९१२ च्या डिसेंबरात भूदलाला दोन वाढीव डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) हव्या होत्या आणि मंत्रिमंडळाने पैशाअभावी नकार दिला, तेव्हा भूदलमंत्री उएहारा यांनी राजीनामा दिला, भूदलाने त्यांच्या जागी दुसरा अधिकारी सुचवला नाही आणि पंतप्रधान साइओन्जी यांचे सरकार कोसळले. पुढच्या वर्षी नियम शिथिल झाला, पण १९३६ मध्ये तो परत आला. १९३७ साली तर स्वतः निवृत्त जनरल असलेल्या उगाकी यांना पंतप्रधानपदासाठी पाचारण होऊनही मंत्रिमंडळ बनवता आले नाही, कारण भूदलाने त्यांना मंत्रीच दिला नाही.

आता याच देशातील दोन दलांचे आपसातील संबंध पाहा. जर्मनीच्या एकाच विमान इंजिनाचे परवाने भूदलाने आणि नौदलाने वेगवेगळे घेतले आणि ते वेगवेगळ्या कारखान्यांत बनवले. दोघांच्याही विमानांवर २० मिलिमीटरच्या तोफा होत्या, पण एकाचा दारूगोळा दुसऱ्याच्या तोफेत चालत नसे. आपल्या बेटांवरील सैनिकांना रसद पोहोचवण्याच्या बाबतीत नौदलावर भरवसा उरला नाही, तेव्हा भूदलाने स्वतःच्या मालवाहू पाणबुड्या बांधल्या. भूदलाच्या पाणबुड्या ही कल्पना आज विनोदी वाटते, पण त्या खरोखर बांधल्या गेल्या आणि वापरल्याही गेल्या. दोन्ही दले एकमेकांवर नजर ठेवून होती याबद्दल शंका नाही. मात्र दोघांवर नजर ठेवणारा तिसरा कोणी नव्हता, आणि साधनसामग्री कोणाकडे जावी हे सांगण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडून आधीच निसटलेला होता.

याच्या नेमके उलट उदाहरण हिटलरच्या जर्मनीचे आहे. तिथे राजकीय हुकमत संपूर्ण होती आणि ती टिकवण्यासाठी फूट मुद्दाम जोपासली गेली. पूर्व आघाडी भूदलाच्या मुख्यालयाकडे, तर बाकीच्या आघाड्या सैन्यदलांच्या सर्वोच्च मुख्यालयाकडे, अशी वाटणी झाल्यामुळे राखीव डिव्हिजन कुठे पाठवायच्या हे ठरवणारी एकच व्यक्ती उरली. १९४२ मध्ये भूदलाला माणसांची निकड असताना हवाई दलाचे प्रमुख गोरिंग यांनी हवाई दलातील जादा माणसे त्यांना दिली नाहीत. त्यांनी हवाई दलाच्याच सुमारे २० पायदळी डिव्हिजन उभ्या केल्या, आणि जमिनीवरच्या लढाईचा अनुभव नसलेल्या त्या तुकड्यांनी त्याची जबर किंमत मोजली. फूट पाडून सैन्य आज्ञेत ठेवता येते, एवढाच यातून बोध घ्यायचा असेल तर घ्यावा. परंतु ते सैन्य देशाच्या कामाचे राहत नाही.

हे मुख्यालयाच्या टेबलावर कसे दिसते, ते सांगतो. संयुक्त योजना मागवली जाते. भूदलाच्या मसुद्यात पहिल्या दोन दिवसांत आघाडीवरील तुकड्यांच्या मदतीसाठी लढाऊ विमानांच्या अमुक इतक्या फेऱ्या गृहीत धरलेल्या असतात. हवाई दलाच्या मसुद्यात तीच विमाने त्याच दोन दिवसांत शत्रूच्या धावपट्ट्या आणि रडार उद्ध्वस्त करण्यात गुंतलेली असतात, कारण आकाश मोकळे झाल्याशिवाय बाकी काही करणे त्यांना धोक्याचे वाटते. नौदलाने त्यांतील काही विमाने किनाऱ्यालगतच्या जहाजांच्या संरक्षणासाठी धरलेली असतात. प्रत्येक मसुदा आपापल्या जागी बिनचूक असतो. मग तिन्ही मसुदे एका फाइलीत लावले जातात, वर दोन पानांची प्रस्तावना चढते, ‘पूर्ण समन्वयाने’ हे शब्द त्यात दोन-तीनदा येतात आणि फाइल वर जाते. एकच स्क्वाड्रन तीन ठिकाणी उडणार आहे, हे कोणत्याही परिच्छेदात लिहिलेले नसते. सर्वसंमतीने चालणाऱ्या समितीचा हा स्वभावच आहे: ज्यावर एकमत होते ते वर जाते, आणि ज्यावर होत नाही ते शब्दांखाली झाकले जाते.

मंत्री त्या फाइलीवर सही करतात आणि नागरी नियंत्रण पार पडले अशी सर्वांची समजूत होते. वास्तविक सर्वांत मोठा राजकीय निर्णय त्या फाइलीत घेतलाच गेलेला नसतो. आघाडीवरील भूभाग हातचा जाऊ द्यायचा की शत्रूच्या हवाई तळांवर हल्ला करून युद्धाची व्याप्ती वाढवायची, हा प्रश्न विमानांच्या संख्येचा दिसत असला तरी त्याचे परिणाम परराष्ट्र धोरणापर्यंत जातात. तो निर्णय अखेर युद्धाच्या पहिल्या सकाळी, फोनवर, ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो. एकच संयुक्त सेनापती असेल, तर ही विसंगती त्याला स्वतःच्या योजनेत आधी सोडवावी लागते आणि कोणते काम मागे टाकले हे सरकारला सांगावे लागते. जाब कोणाला विचारायचा हे तेव्हा स्पष्ट असते, आणि नियंत्रणाला लागते ते हेच.

चांगले नियंत्रण कसे चालते याचा मला पटणारा नमुना १९८२ च्या फॉकलंड युद्धातील आहे. ब्रिटनने बेटांभोवती २०० सागरी मैलांचे निषिद्ध क्षेत्र जाहीर केले होते. २ मे रोजी अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका त्या क्षेत्राच्या बाहेर होती आणि ‘कॉन्करर’ ही ब्रिटिश पाणबुडी तिच्या मागावर होती. आघाडीवरील ॲडमिरल वुडवर्ड यांना धोका इतका निकट वाटला की त्यांनी पाणबुडीला थेट हल्ल्याचा आदेश पाठवला. पाणबुड्यांचे नियंत्रण त्यांच्याकडे नव्हते, ते ब्रिटनमधील नॉर्थवुड येथील मुख्यालयाकडे होते. नॉर्थवुडने तो आदेश पाणबुडीपर्यंत पोहोचू न देता रोखला, पण त्यातली निकड ओळखून नियम बदलण्याची मागणी तातडीने वर नेली. संरक्षण दलप्रमुख ॲडमिरल लेविन यांनी ती चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी जमलेल्या युद्ध मंत्रिमंडळासमोर मांडली, मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच दिवशी पाणबुडीने युद्धनौका बुडवली. त्यात ३२३ जणांचा मृत्यू झाला. तो निर्णय योग्य होता की नव्हता यावर ब्रिटनमध्ये पुढे अनेक वर्षे वाद झाला, आणि तो वाद पंतप्रधान थॅचर यांच्याशी झाला, वुडवर्ड यांच्याशी नव्हे. मला यातील महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. सेनापतीने जे हवे ते स्पष्ट मागितले, मधल्या मुख्यालयाने आपली मर्यादा पाळली, सल्ला एका तोंडून मिळाला आणि उत्तरदायित्व मतदारांना सामोरे जाणाऱ्यांकडे राहिले.

तरीही प्रश्नकर्त्याच्या भीतीत एक खरा भाग आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सल्ला एकाच तोंडून येऊ लागला, की त्या एका व्यक्तीला न पटलेले पर्याय सरकारपर्यंत पोहोचतच नाहीत. अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यात यावर दोन उपाय योजले, ते अभ्यासण्यासारखे आहेत. जॉइंट चीफ्सचे, म्हणजे दलप्रमुखांच्या संयुक्त समितीचे, अध्यक्ष हे प्रमुख लष्करी सल्लागार झाले, पण त्यांच्याकडे कोणत्याही तुकडीचे आधिपत्य नाही. आदेशाची साखळी राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून थेट संयुक्त सेनापतींकडे जाते. सल्ला देणारा आणि सैन्य चालवणारा अशा दोन व्यक्ती वेगळ्या ठेवल्या, तर एकवटलेल्या बळाची भीती बरीच कमी होते. शिवाय दलप्रमुखांपैकी कोणाचे मत वेगळे असेल, तर अध्यक्षांनी ते स्वतःच्या मताबरोबर वर मांडले पाहिजे, अशी तरतूद आहे. या कायद्यामागे ओलीस धरलेल्या अमेरिकनांना सोडवण्यासाठी १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात काढलेल्या आणि फसलेल्या मोहिमेची पार्श्वभूमी होती. तिथे नौदलाची हेलिकॉप्टरे, ती चालवणारे बहुतांश मरीन वैमानिक, हवाई दलाची मालवाहू विमाने आणि भूदलाचे कमांडो अशी जुळणी होती. आठपैकी पाचच हेलिकॉप्टरे कामाची उरल्याने मोहीम सोडून द्यावी लागली आणि परतीच्या तयारीत टक्कर होऊन आठ जण ठार झाले. त्याच कायद्याने वरिष्ठ पदांवरील बढतीसाठी संयुक्त कामाचा अनुभव आवश्यक केला. माझ्या मते साऱ्या कायद्यात सर्वाधिक परिणाम याच कलमाचा झाला असावा, कारण बढती ज्यावर अवलंबून असते ते काम अधिकारी मन लावून शिकतो, आणि हे कोणत्याही देशात खरे आहे.

पैशाचा मुद्दा चर्चेत सहसा मागे पडतो. चिलीमध्ये १९५८ च्या एका गोपनीय कायद्यान्वये सरकारी तांब्याच्या निर्यात विक्रीचा दहा टक्के हिस्सा थेट लष्कराच्या खरेदीकडे जात असे आणि तो तिन्ही दलांत समान वाटला जाई. संसदेला त्या रकमेवर प्रश्न विचारता येत नव्हता, आणि दलांना एकमेकांशी बोलण्याची गरज नव्हती, कारण प्रत्येकाचा तिसरा हिस्सा ठरलेला होता. लोकशाही परत येऊन जवळपास तीन दशके झाल्यावर, २०१९ मध्ये, तो कायदा रद्द झाला. ब्राझीलमध्ये १९९९ पर्यंत प्रत्येक दलाचा स्वतंत्र मंत्री मंत्रिमंडळात बसत असे. स्पेनने हुकूमशाहीनंतर १९७७ मध्ये तीन लष्करी मंत्रालये मोडून एकच संरक्षण मंत्रालय केले. या देशांत सहकार्य आणि नागरी नियंत्रण यांची सुधारणा एकाच पावलाने झाली, हा योगायोग नाही.

भारताकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की आपल्याकडील भीतीचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. तेव्हाचा सरसेनापती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सभासदही असे, आणि १९०५ मध्ये सरसेनापती किचनेर यांच्याशी झालेल्या वादातून व्हाइसरॉय कर्झन यांना राजीनामा द्यावा लागला होता. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांना स्वतंत्र प्रमुख मिळाले, आणि १९५५ च्या कायद्याने त्यांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनाम जाऊन ‘चीफ ऑफ स्टाफ’ आले. राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आणि व्यवहारात ते मंत्रिमंडळाकडे आहे. ही घडी भक्कम बसली आणि तिने देशाला लष्करी राजवटीपासून दूर ठेवण्यात मोठा वाटा उचलला, हे मान्य केलेच पाहिजे. तिची दुसरी बाजू युद्धात दिसली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. १९६५ च्या १ सप्टेंबरला जम्मूच्या सीमेवरील छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी हवाई मदत मागितली, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी एअर मार्शल अर्जन सिंग यांच्याशी बोलून तिथल्या तिथे परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी विमाने उडाली. मंत्र्यांचा निर्णय धडाडीचा होता, यात वाद नाही. पण तो मागण्याची वेळ रणगाडे आत आल्यावर यावी, यातच पूर्वनियोजनाचा अभाव दिसतो. १९७१ मध्ये तयारीसाठी अवधी मिळाला, तिन्ही प्रमुखांचे आपसात जमले, आणि ४ डिसेंबरचा कराचीवरील हल्ला किंवा ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातील टांगाइलजवळ उतरवलेले छत्रीधारी सैनिक यांसारख्या गोष्टी साधल्या. मात्र ते यश माणसांचे होते, व्यवस्थेचे नव्हे. १९९९ मध्ये कारगिलला हेलिकॉप्टरे वापरण्यावरून भूदल आणि हवाई दल यांच्यात मतभेद झाले, राजकीय मंजुरी २५ मे रोजी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी हवाई हल्ले सुरू झाले, यावरून ते उघड झाले.

त्याच मोहिमेत सरकारने नियंत्रण रेषा न ओलांडण्याची अट घातली. लष्करी वर्तुळात त्यावर नाराजी ऐकू येत असे, पण माझ्या मते ती नागरी नियंत्रणाची उत्तम मिसाल आहे: सरकारने काय साधायचे आणि कोणती मर्यादा पाळायची ते सांगितले, आणि शिखरे कशी घ्यायची हे सैन्यावर सोपवले. याउलट एखाद्या सुट्या भागाच्या खरेदीची फाइल शंका काढत वर्षभर खालीवर फिरत राहते, तेव्हा तिला नागरी नियंत्रण म्हणण्याची पद्धत पडली आहे. सैनिकाने लोकप्रतिनिधींचे ऐकायचे असते, आणि कारकुनी दिरंगाईला त्या तत्त्वाचा आडोसा मिळता कामा नये.

कारगिलनंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्ये संरक्षण दलप्रमुखपदाची शिफारस केली. पद प्रत्यक्ष आले ते १ जानेवारी २०२० रोजी, जनरल बिपिन रावत यांच्या रूपाने. या पदाला तिन्ही दलप्रमुखांवर आधिपत्य दिलेले नाही, आणि निवृत्तीनंतर सरकारी पद घेण्यासही मनाई आहे. म्हणजे अतिबलाढ्य सेनापतीची भीती धरूनच ते घडवले गेले. मला खटकते ते वेगळेच. हीच व्यक्ती संरक्षणमंत्र्यांची सल्लागार, दलप्रमुखांच्या समितीची कायम अध्यक्ष आणि लष्करी व्यवहार विभागाची सचिव अशी तिहेरी जबाबदारी सांभाळते. सल्ला देणाऱ्याने त्याच सल्ल्यावरची फाइल सचिव म्हणून पुढे सरकवायची, यात तटस्थ छाननी कोण करणार? ८ डिसेंबर २०२१ च्या अपघातात जनरल रावत यांचे निधन झाल्यावर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले, यावरूनही व्यवस्थेत ते किती खोल रुजले होते याचा अंदाज येतो. त्यामानाने २०२३ चा आंतरदलीय संघटनांविषयीचा कायदा शांतपणे आला, पण त्याचे मोल मोठे आहे. भूदल व हवाई दल १९५० च्या आणि नौदल १९५७ च्या कायद्याने चालत असल्यामुळे संयुक्त मुख्यालयाच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या शिपायावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नव्हती. त्या माणसाला त्याच्या मूळ दलाकडे परत पाठवावे लागे. आता ते अधिकार संयुक्त सेनापतीकडे आले आहेत. पुढे एकात्मिक थिएटर कमांड, म्हणजे एकेका क्षेत्रातील तिन्ही दलांची संयुक्त मुख्यालये, उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या सेनापतींना आदेश कोण देणार, दलप्रमुख की संरक्षणमंत्री, हे लेखी आणि निःसंदिग्ध शब्दांत ठरले की नाही, एवढे तपासले तरी लोकशाहीला धोका आहे की नाही हे बऱ्याच अंशी कळेल.

राहता राहिला विलीनीकरणाचा प्रश्न. कॅनडाने तो प्रयोग केला. संरक्षणमंत्री पॉल हेलियर यांच्या आग्रहाने १ फेब्रुवारी १९६८ पासून तिन्ही दले कायद्याने एक झाली आणि पुढे सर्वांना एकाच हिरव्या रंगाचा गणवेश आला. विरोध करणाऱ्या ॲडमिरल लँडिमोर यांना त्याआधीच, १९६६ मध्ये, दूर करण्यात आले होते; सरकारचा अधिकार म्हणून ते योग्यच होते. परंतु जहाजावरचे आयुष्य, खंदकातले आयुष्य आणि विमानातले आयुष्य यांतून येणारे ज्ञान वेगवेगळे असते, आणि संयुक्त सेनापतीला तेच हवे असते: समुद्र ओळखणारा नौसैनिक आणि आकाश ओळखणारा वैमानिक, फक्त एका योजनेत बसवलेले. सगळ्यांना सगळे थोडे थोडे येऊन त्याचे भागत नाही. कॅनडात १९८० च्या दशकात वेगळे गणवेश परत आले आणि २०११ मध्ये नौदल व हवाई दल यांना त्यांची जुनी नावेही मिळाली. कायद्याने मात्र ती आजही एकाच सेनेची अंगे आहेत आणि एकाच संरक्षण दलप्रमुखाच्या हाताखाली काम करतात.